४७ क्रमांकाची कुंडी

माझ्या जुन्या नोंदवहीत एक ओळ आहे, जिच्यापाशी आले की आजही माझा हात पान उलटायची घाई करतो. भाताच्या दोन वाणांच्या संकरातून आलेल्या दुसऱ्या पिढीची रोपे आम्ही हरितगृहात कुंड्यांमध्ये वाढवली होती आणि फुलोऱ्याच्या तोंडावर त्यांचे पाणी तोडले होते. रोज सकाळी प्रत्येक कुंडीचे वजन करायचे आणि नंतर पाने किती गुंडाळली आहेत हे पाहून शून्य ते नऊ असे गुण द्यायचे, हे माझे काम होते. शून्य म्हणजे सपाट उघडे पान, नऊ म्हणजे सुईसारखे घट्ट वळलेले. पाणी तोडल्याच्या सहाव्या दिवशी, अजून साडेदहाही वाजले नव्हते, तेव्हा ४७ क्रमांकाच्या रोपाने सगळी पाने मिटून घेतलेली दिसली. शेजारच्या ४६ ची पाने मात्र हिरवीगार, रुंद, उन्हाला छाती देऊन उभी होती. मी ४७ समोर नऊ लिहिले, त्यापुढे ‘संवेदनशील, काढले’ असे लिहिले आणि कुंड्यांची दाटी कमी होईल म्हणून ते रोप बुंध्याशी कात्रीने कापून टाकले. त्या वेळी मला आपण नीटनेटके काम केल्याचे समाधानसुद्धा वाटले होते.

संध्याकाळी आमच्या बाई फेरी मारायला आल्या. “सत्तेचाळीस कुठे गेलं?” त्यांनी विचारले. “सकाळीच मान टाकली होती त्यानं, बाई. काढून टाकलं,” मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वाकून आधी ४६ ची कुंडी दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली, मग ४७ ची उचलली, आणि मला म्हणाल्या, “आता तू उचलून बघ.” ४६ ची कुंडी हाताला हलकी लागली. तिच्यातली माती कडेने सुटून आली होती आणि मध्ये बोटभर भेग पडली होती. ४७ ची कुंडी उचलताना मात्र मनगटावर भार आला. तिच्या मातीत बोट खुपसले तर दुसऱ्या पेरापाशी गारवा लागला.

“सकाळची वजनं तूच लिहिलीस ना? मग वाचली का नाहीस?”

सगळ्या कुंड्या सुरुवातीला पाणी मुरवून नऊ किलोवर आणलेल्या होत्या. त्या सकाळी ४६ चे वजन ७ किलो ३५० ग्रॅम होते आणि ४७ चे ७ किलो ९०० ग्रॅम. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाखाली एक लिहिलेले होते. म्हणजे ४७ च्या मुळांपाशी शेजाऱ्यापेक्षा अर्धा लिटरहून अधिक पाणी शिल्लक असतानाच त्याने पाने मिटली होती. याचे दोन अर्थ होऊ शकत होते. एक तर त्याची मुळे दुबळी असतील आणि हाताशी असलेले पाणी त्यांना ओढता येत नसेल. किंवा ते रोप कंजूष असेल, माती कोरडी पडण्याच्या पुष्कळ आधी सावध होऊन खर्चाला आळा घालणारे असेल. संध्याकाळी पाने उलगडतात का, पाणी दिल्यावर किती लवकर सावरते, लोंबी भरते की पोचट राहते, हे पाहिले असते तर दोन्हींतले खरे कोणते ते कळले असते. मी ते पाहण्याची सोयच ठेवली नव्हती. शिवाय ते दुसऱ्या पिढीतले रोप होते. या पिढीत आईबापांची जनुके प्रत्येक रोपात वेगळ्याच जुळणीने उतरतात, त्यामुळे हुबेहूब तशी जुळणी पुन्हा हाती येण्याची आशा धरता येत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मी पानांचे ठसे घेण्याचा सपाटा लावला. पानाला नखांचे रंगहीन पॉलिश लावायचे, वाळू द्यायचे, चिकटपट्टीने त्याचा पापुद्रा अलगद सोडवायचा आणि तो काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. भाताच्या पानावरची पर्णरंध्रे शिवणीच्या टाक्यांसारखी रांगेत बसलेली दिसतात. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात, टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक. त्या पाण्याने फुगल्या की मधली फट उघडते, ओसरल्या की मिटते. झाड मुळांवाटे जेवढे पाणी घेते त्यातले ९७ टक्क्यांहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत जाते आणि त्यातले बहुतेक याच फटींमधून जाते. पाठ्यपुस्तकात हे वाचताना उधळपट्टीचा राग यायचा. पण त्याच फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, म्हणजे दार लावले की तहान थांबते आणि उपास सुरू होतो. सकाळी नऊच्या ठशातली उघडी रंध्रे आणि दुपारी बाराच्या ठशातली मिटलेली रंध्रे शेजारी ठेवून पाहताना माझ्या डोळ्यांसमोर सारखे ४७ यायचे. त्याने हे दार कोणाच्या सांगण्यावरून लवकर लावले असेल?

सांगणारा निरोप म्हणजे ॲबसिसिक आम्ल. १९६० च्या दशकात ते ओळखले गेले, पण पेशीच्या आत त्याला ओळखून धरणारी ग्राहक प्रथिने निर्विवादपणे हाती यायला २००९ साल उजाडले. या यंत्रणेची रचना मला फार हृद्य वाटते. रंध्र मिटवण्याचे काम सुरू करणारे एक विकर पेशीत आधीपासूनच असते, पण एरवी दुसरे एक प्रथिन त्याला दाबून धरते. मातीतली ओल कमी झाली की ॲबसिसिक आम्ल वाढते, ग्राहक प्रथिनात जाऊन बसते, आणि मग ही जोडी त्या दाबून धरणाऱ्यालाच धरून ठेवते. पहिले विकर मोकळे होते. रक्षक पेशींतून आयन बाहेर पडू लागतात, त्यांच्यामागे पाणी जाते, पेशी सैलावतात आणि फट मिटते. झाड नव्याने काही उभारत बसत नाही, फक्त अडसर काढते, म्हणून काही मिनिटांत हे साधते. या साखळीतल्या प्रत्येक दुव्यामागे एक किंवा अनेक जनुके आहेत आणि वाणावाणांत त्यांची अक्षरे थोडी थोडी वेगळी असतात. एखाद्या वाणात निरोप लवकर तयार होतो, एखाद्यात ग्राहक अधिक हळवे असतात, एखाद्यात निरोप पोहोचूनही दार सुस्तपणे लागते. ४७ मध्ये यातले काय होते, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा नीट शब्दांत आला.

त्या वयात मला असे वाटायचे की कुठेतरी एक जनुक असेल, तहान सोसण्याचे जनुक, आणि ते सापडले की काम झाले. या समजुतीला छेद देणारी गोष्ट मी जपानमधल्या संशोधनात वाचली. काझुको यामागुची-शिनोझाकी आणि काझुओ शिनोझाकी यांच्या गटाने पाण्याच्या ताणात डझनावारी जनुके एकदम जागी करणारे एक नियंत्रक जनुक शोधले. ते ड्रेब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातले आहे. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या झाडात ते रात्रंदिवस चालू राहील असे बसवले, तेव्हा झाडे ताण सोसू लागली, पण खुजी राहिली. संकट नसतानाही ती संकटात असल्यासारखी जगत होती. मग १९९९ मध्ये त्यांनी त्याच जनुकापुढे असा नियंत्रक भाग जोडला की जो ताण आल्यावरच चालू होतो, आणि झाडांची वाढ बऱ्याच अंशी पूर्ववत झाली, सोसण्याची ताकदही टिकली. जनुक तेच होते, फरक पडला तो ते केव्हा बोलते याने. हे वाचले त्या रात्री मी खिडकीपाशी बराच वेळ बसून होते. साडेदहालाच पाने मिटणारे माझे ४७ हे रोज विनाकारण घाबरणारे रोप होते की वेळेवर सावध होणारे, हे ठरवायला मला त्याची पाणी तोडण्याआधीची वागणूक पाहावी लागली असती. त्या दिवसांच्या नोंदी मी केल्याच नव्हत्या.

सोसण्याची ताकद झाडाजवळ मुळात नसते असे तर नाहीच. लिऑन ड्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कापसाच्या बियांचा अभ्यास करताना पाहिले की बी पक्व होऊन वाळू लागते तेव्हा काही विशिष्ट प्रथिने विपुल तयार होतात. बी जवळजवळ सगळे पाणी सोडून देते आणि तरी जिवंत राहते, त्यामागे या प्रथिनांचाही हात आहे. भाताच्या, गव्हाच्या, हरभऱ्याच्या प्रत्येक दाण्यात ही तयारी असते. बी रुजले की ती विद्या जणू कुलूपबंद होते आणि हिरवे रोप थोड्याशा कोरडेपणानेही मरू शकते. क्रॅटेरोस्टिग्मा प्लांटाजिनियम नावाची एक आफ्रिकी वनस्पती मात्र तीच विद्या पानातही वापरते. तिच्या पानातले ९५ टक्के पाणी गेले तरी पाणी मिळताच ती पुन्हा हिरवी होते. मी एकदा अशा झाडाची वाळलेली पाने चिमटीत धरली होती. ती चहाच्या पत्तीसारखी कुरकुरीत होती, आणि दुसऱ्या दिवशी बशीतल्या पाण्यात ती मऊ, थंड, उलगडलेली पाहून मला अक्षरशः भरून आले होते. पण ते झाड तळहाताएवढे असते आणि दाण्याची रास देणे हा त्याचा धर्म नाही.

पिकाकडून आपण मागतो ते वेगळेच काही असते.

पिकाने नुसते जगून भागत नाही, त्याने दाणा भरायचा असतो. या फरकाची टोचणी मला मक्याच्या अभ्यासाने सर्वांत जास्त लावली. मक्याचा तुरा आधी परागकण सोडतो आणि त्यानंतर कणसातून रेशमासारखे केसर बाहेर येतात. एरवी या दोहोंत थोड्याच दिवसांचे अंतर असते. पाण्याचा ताण पडला की तुरा आपल्या वेळेवर येतो, पण कणसाची वाढ मागे पडते, केसर उशिरा निघतात, आणि ते निघतात तेव्हा परागकण संपलेले असतात. झाड हिरवे, उंच, जिवंत असते आणि कणीस बोडके. मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात १९७० च्या दशकापासून टुक्सपेन्यो या मक्यातून पिढ्यान् पिढ्या निवड करताना हेच अंतर मोजले गेले. ताणातही ज्यांचे केसर वेळेवर निघतात ती झाडे राखत गेले आणि कोरड्या हंगामातले उत्पन्न वाढत गेले. हे अंतर कोणत्या जनुकांनी ठरते याची यादी त्या वेळी कोणाजवळ नव्हती. दिवस मोजणारी माणसे आणि चिकाटी होती. मला या कामाबद्दल अपार आदर वाटतो, आणि थोडी लाजही वाटते, कारण मी एका सकाळी एका नजरेत निकाल दिला होता.

मुळांचे काम मी पुढे स्वतःहून मागून घेतले. हंगाम संपला की कुंडी आडवी करायची, मातीचा गड्डा चाळणीवर ठेवायचा आणि पाण्याची बारीक धार सोडून एकेक मूळ मोकळे करायचे. दोन-तीन तासांनी बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, नखांत गाळ बसतो, ओल्या मातीचा वास कपड्यांना दिवसभर राहतो. चाळणीवर पांढऱ्या-तपकिरी मुळांचा झुबका उरतो, आणि तो पाण्यात तरंगवला की एखादा वाण मुळे आडवी पसरवतो आणि एखादा सरळ खाली सोडतो, हे डोळ्यांना दिसते. २०१३ मध्ये युसाकू उगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच फरकामागचे एक जनुक दाखवून दिले. किनांदांग पातोंग या फिलिपिन्समधल्या कोरडवाहू भाताची मुळे खोल जातात, तर आयआर ६४ या जगभर पेरल्या गेलेल्या वाणाची मुळे उथळ राहतात. आयआर ६४ मध्ये डीआरओ १ या जनुकातले एकच अक्षर गळले आहे आणि त्यामुळे त्याचे प्रथिन अर्धवट राहते. जनुक धड असेल तर मुळाच्या टोकापाशी एका बाजूच्या पेशी दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक लांब होतात, मूळ खाली वळते, आणि खालच्या थरातली ओल गाठते. किनांदांग पातोंगमधले धड जनुक संकरणाने आयआर ६४ मध्ये आणल्यावर दुष्काळात त्याचे उत्पन्न मूळ वाणापेक्षा चांगले टिकले. एका अक्षरावर मुळाचा कोन आणि त्या कोनावर दाणा, ही साखळी मी कित्येकांना उत्साहाने सांगितली आहे. पण सांगताना दर वेळी हेही सांगावेसे वाटते की खाली ओल असेल तरच खोल मुळाचा उपयोग. जिथे वीतभर मातीखाली खडक आहे तिथे, किंवा हलक्या सरींचे पाणी वरच्या थरातच राहून वाळून जाते तिथे, हेच जनुक झाडाला फारसे काही देत नाही.

वृत्तपत्रांत अधूनमधून ‘दुष्काळावर मात करणारे जनुक सापडले’ असा मथळा येतो आणि माझे मन खट्टू होते. बातमी खोटी असते असे नाही. मातीतल्या एका जिवाणूचे, थंडीत तग धरायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातलेला मका अमेरिकेत २०१३ पासून विकला जातो. सूर्यफुलातले एचबी ४ नावाचे जनुक घातलेल्या गव्हाला अर्जेंटिनाने २०२० मध्ये मान्यता दिली, आणि त्यामागे राकेल चान यांचे अनेक वर्षांचे काम आहे. या कामांचे मोल मला कमी करायचे नाही. मला खटकते ते ‘मात’ हे क्रियापद. ज्या ज्वारीकडे मी पुढे वळले, तिने मला शिकवले की दुष्काळाशी झाडाचे नाते बहुतेक वेळा हिशेबाचे असते. ज्वारीत काही वाण दाणे भरण्याच्या काळात पाणी तुटले तरी पाने हिरवी राखतात. अशा वाणांपैकी बी ३५ हा इथिओपियातल्या ज्वारीपासून आलेला आहे आणि त्याच्या गुणसूत्रांवर या गुणाशी निगडित चार जागा ठळकपणे ओळखल्या गेल्या आहेत. मी आधी समजत होते की या जागांवरची जनुके शेवटच्या काळात पानांना काही वेगळे बळ देत असतील. पण ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बोरेल आणि इतरांनी केलेल्या कामातून दिसले ते असे की हिरवे राहण्याची बरीचशी कमाई फुलोऱ्याच्या आधीच झालेली असते. या जागा झाडाला कमी फुटवे आणि आटोपशीर पर्णसंभार देतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात पाणी कमी खर्च होते, आणि ते जमिनीत शिल्लक राहून दाणे भरताना कामी येते. हे वाचताना मला ४७ ची जड कुंडी आठवली आणि माझ्या मनगटांवर तो भार पुन्हा आला. अर्थात भरपूर पावसाच्या वर्षी हाच आटोपशीरपणा तोट्यात जाऊ शकतो, पसरट शेजारी अधिक सूर्यप्रकाश खाऊन पुढे जाईल. म्हणून आजही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही की ४६ पेक्षा ४७ चांगले होते.

या सगळ्या वाचनात एका कामापाशी मात्र माझा जीव सर्वांत जास्त अडकला आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत वंदना आणि वे रारेम या दोन कोरडवाहू भातांचा संकर करून ४३६ वंशावळी पाण्याच्या ताणात पिकवल्या गेल्या आणि २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वंदना हा भारतातला, दुष्काळ सोसणारा वाण; वे रारेम हा इंडोनेशियातला, ताणात हमखास पडणारा. बाराव्या गुणसूत्रावर एक जागा सापडली, जी तीव्र ताणातल्या उत्पन्नातल्या आनुवंशिक फरकाचा सुमारे ५१ टक्के भाग एकटी समजावून देत होती. एका जागेचा इतका मोठा परिणाम क्वचितच दिसतो. आणि त्या जागेवरचे उपकारक रूप आले होते वे रारेमकडून, पडणाऱ्या वाणाकडून. पुढे असेही दिसले की त्या जागेत एकच जनुक नसून एकमेकांना साथ देणारी काही जनुके आहेत आणि वंदनाच्या स्वतःच्या इतर जनुकांची जोड मिळाल्यावर त्यांचा परिणाम खुलतो. म्हणजे वे रारेमजवळ ती शिदोरी होती, पण ती उघडायला लागणारी माणसे त्याच्या घरात नव्हती. नुसते त्याच्या सुकलेल्या पानांकडे पाहून कोणी ‘संवेदनशील, काढले’ असे लिहिले असते, तर त्या माणसाचे निरीक्षण चुकीचे ठरले नसते आणि तरीही ती शिदोरी हातची गेली असती.

बाईंना मी या कामाचा शोधनिबंध नेऊन दाखवला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन, त्यातला एक तक्ता दोनदा वाचला आणि विचारले, “तुझी ती वही आहे अजून?” मी हो म्हणाले. त्यानंतर त्या दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या.

घरी आल्यावर मी वही काढली. पाने पिवळी पडली आहेत आणि कुंडीखालच्या ताटलीत ठेवल्याचा एक तपकिरी गोल डाग मुखपृष्ठावर आहे. ४६ ची ओळ शेवटपर्यंत भरलेली आहे. त्याची पाने आठव्या दिवशी करपू लागली, पाणी दिल्यावर ते सावरले, आणि लोंबीतल्या ११२ दाण्यांपैकी १९ भरले. खालच्या ओळीत ४७ हा आकडा आहे, सहा सकाळची वजने आहेत, नऊ हा गुण आहे आणि माझे दोन शब्द आहेत. त्यानंतरचे रकाने, संध्याकाळी पाने उलगडली का, पाणी दिल्यावर किती दिवसांत सावरले, मुळांची लांबी, भरलेले दाणे, पोचट दाणे, कोरे आहेत, आणि मी त्या वेळी पट्टी धरून आखलेल्या शिसपेन्सिलीच्या रेषा त्या कोऱ्या जागेतून सरळ पानाच्या कडेपर्यंत गेल्या आहेत.